सुपाचा म्हैसासुर

आमच्या घरात आजवर कुणी कुणाचं ऐकलेलं नाही, तेव्हा कुत्र्यानं ऐकावं ही अपेक्षा मुळातच चुकीची होती. पण यांना ते पटेल तर ना! हे, म्हणजे माझे यजमान श्रीकृष्ण, जव्हारच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. खिडकीत बसून माइकवर म्हणायचे, "नाशिककडे जाणारी गाडी फलाटावर लागत आहे," आणि अख्खा स्टँड पिशव्या उचलून पळायचा. एवढी सत्ता भोगलेला माणूस निवृत्त होऊन मोखाड्याच्या घरी आला आणि मला म्हणाला, "चहा टाक." मी म्हटलं, "दूध संपलंय, घेऊन या." खचेल नाही तर काय माणूस! त्यानंतर संध्याकाळी उगाच आमच्या इथल्या स्टँडवर जाऊन उभे राहायचे आणि घरी येऊन सांगायचे, पालघर गाडी आज उशिरा आली.

मग एका बाजाराच्या दिवशी ते जव्हारहून पिशवीतून पिल्लू घेऊन आले. तांबूस रंगाचं, एक कान उभा, एक पडलेला. ते भाजीवर बसून आलं होतं आणि येता येता कोथिंबिरीवर त्यानं आपला कार्यभाग उरकला होता. मी म्हटलं, "हे काय?" हे म्हणाले, "याला आपण वळण लावू. नाव ठेवलंय सज्जन."

सज्जन! त्या दिवसापासून आमच्या आळीत दिवसभर एकच आरडाओरडा: सज्जना, चप्पल टाक! सज्जना, देवघरातून बाहेर हो! शेजारच्या धोंडीबाईंनी नागलीचे पापड वाळत घातले, ते सज्जनानं चालून बघितले. बोंबील वाळत घातले, ते खाऊन बघितले. चपलांचं तर त्याला वेडच. कुणी पाहुणा आला की आधी त्याच्या अंगावर उडी, मग पाहुणा बसला की चप्पल लंपास. पाहुणे अनवाणी घरी जायला लागले. काही दिवसांनी यायचेच बंद झाले, त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही, पण बोंबलांचं वाटलं.

यांनी शिकवणी सुरू केली ती एसटीच्या पद्धतीनं. कंडक्टर एक घंटी देतो तेव्हा गाडी थांबते, दोन घंट्या दिल्या की निघते. तसं यांचं, एक शिट्टी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. सकाळ-संध्याकाळ अंगणात शिट्ट्या. पहिली शिट्टी वाजली की सज्जन धावायचा, दुसरी वाजली की आणखी जोरात धावायचा. एकदा रस्त्यानं जाणारी जीप थांबली आणि ड्रायव्हर खाली उतरून कागदपत्रं दाखवायला लागला. सज्जन मात्र थांबला नाही. शेवटी त्यानं शिट्टीच पळवली आणि ती विहिरीमागं कुठं पुरली ते कळलं नाही. मी लाटणं दाखवून बघितलं. त्याला वाटलं, मी ते फेकणार आणि त्यानं आणायचं.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण मग बोहाडा आला.

बोहाडा म्हणजे आमच्याकडचा मुखवट्यांचा उत्सव. देवांची नि राक्षसांची सोंगं संबळाच्या तालावर नाचत गावातून निघतात, आणि शेवटच्या दिवशी उन्हं वर आली की देवळासमोर, म्हणजे आमच्या दारापुढच्याच मोकळ्या जागेत, देवी म्हैसासुराला मारते. कुठलं सोंग कुठल्या घराचं ते बापजाद्यांपासून ठरलेलं. म्हैसासुर आमच्या घरचा. इतकी वर्षं तो माझे थोरले दीर घ्यायचे. त्यांच्या गुडघ्यांनी यंदा दगा दिला, ते नाशिकला मुलाकडे गेले आणि मान यांच्याकडे आला. साठी उलटल्यावर पहिल्यांदा! त्या दिवशी हे स्टँडवर गेले नाहीत. माळ्यावरून मुखवट्याची पेटी उतरवली, फडक्यानं तो भलाथोरला काळा चेहरा नि शिंगं पुसत बसले, आणि मला म्हणाले, "आशा, जमेल ना गं मला?" इतक्या वर्षांत यांनी मला असं कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "न जमायला काय झालं? मरायचंच तर आहे."

बोहाड्याचा कारभार हेमंतशेठ बघतात. बाजारात त्यांचं कापडाचं दुकान आहे. ते मानाचा नारळ घेऊन आमच्याकडे आले, तेव्हा यांनी हौसेनं मुखवटा उचलून तोंडासमोर धरून दाखवला. सज्जनानं तो पाहिला मात्र, असा भुंकत सुटला की गल्लीतली सगळी कुत्री सामील झाली. यांचं धोतर धरून ओढलं. मुखवट्यावर झेप घेतली. भीतीनं त्याचं तिथंच जमिनीवर झालं, आणि ते नेमकं हेमंतशेठच्या पायाशी.

हेमंतशेठ पाय झटकत उठले. "श्रीकृष्णराव, सोंग तुमच्याच दारावरून जाणार आणि युद्धही तुमच्याच दारासमोर होणार. हा कुत्रा देवीला आडवा आला, सोंग मोडलं, तर पुढच्या वर्षी म्हैसासुर दुसऱ्या घरी जाईल. मग मला बोल लावू नका."

नारळ ठेवून गेले. त्यांचं एक पायताण मात्र इथंच राहिलं होतं, ते मी नंतर दुकानात नेऊन दिलं.

तुम्ही म्हणाल, बांधून ठेवा. ठेवला होता. दोरी चावून तोडली. साखळीनं बांधला तर असा गळा काढला की धोंडीबाई विचारायला आल्या, कोण गेलं म्हणून. खोलीत कोंडला तर कौलांतून बाहेर आला. पाहुण्यांकडे पाठवावा म्हटलं तर हे त्याच्या पडलेल्या कानाला हात लावून बसले. मी म्हटलं, मरो. आता मीच वळण लावते.

माझा विचार साधा होता. तो मुखवट्याला घाबरतो ना? मग मुखवट्यानंच त्याला भाकरी द्यायची. पण घरचा मुखवटा देवाचा. तो असा कुत्र्यापुढं मिरवायचा नाही, उपास धरून युद्धाच्या दिवशीच चढवायचा. तेव्हा मी एक जुनं सूप घेतलं, त्याला चुलीची काजळी फासली, डोळ्यांसाठी भोकं पाडली, दोन लांबट वांगी शिंगं म्हणून सुतळीनं बांधली आणि ते तोंडावर धरून नागलीची भाकरी घेऊन अंगणात गेले.

त्या दिवसांत आमच्या छपरावर अनंता कौलं चाळत होता. पाड्यावरून रोजंदारीला येतो, गवंड्याच्या हाताखालीही जातो, एरवी अगदी गरीब माणूस. पण बोहाड्यातली देवी त्याच्या घराची, आणि आमच्या म्हैसासुराला दरवर्षी मारतो तो हाच. त्यानं वरून मला पाहिलं आणि हसता हसता एक कौल सोडलं.

"बाय, तुमी पन सोंग घेतलं काय?"

"तू कौलांकडे बघ," मी सुपाआडून म्हटलं.

पहिल्या दिवशी सज्जन भुंकला. दुसऱ्या दिवशी लांबूनच वास घेतला. मग एकदाची त्याला अक्कल आली की या काळ्या चेहऱ्याच्या मागून भाकरी येते, आणि तो शेपूट हलवत पुढं आला. मी म्हटलं, "बस." बसला! मी म्हटलं, "चप्पल आण." धावत गेला आणि कुठून तरी धोंडीबाईंची हरवलेली चप्पल आणून माझ्यापुढं ठेवली. मी भाकरी दिली. पुन्हा गेला, दुसऱ्या कुणाची आणली. महिनाभर चोरलेलं सगळं पायताण त्यानं अंगणात आणून मांडलं आणि प्रत्येक जोड्यामागं भाकरीचा तुकडा वसूल केला. सज्जन खरोखर सज्जन झाला. मला तर स्वतःचाच अभिमान वाटला.

एकच अडचण होती. सूप खाली ठेवलं की तो मला ओळखत नसे. नुसत्या तोंडानं "बस" म्हटलं की माझ्याकडे असा बघायचा की, बाई, तुम्ही कोण?

"तो तुमाला नाय मानत," अनंता छपरावरून म्हणाला. "तो सुपाला मानं."

झालं. सूप काही माझ्या हातातून सुटेना. तो चूल हुंगायला लागला, घ्या सूप. देवघरात शिरला, घ्या सूप. मी सूप तोंडाला बांधूनच स्वयंपाक करायला लागले. गॅसवाला सिलिंडर दारातच ठेवून पळाला, पैसेसुद्धा मागितले नाहीत, दुसऱ्या दिवशी भावाला पाठवलं. ठाण्याहून आमच्या प्रसादचा व्हिडिओ कॉल आला तो मी घाईत तसाच घेतला. प्रसाद हळूच म्हणाला, "आई, बाबा बरे आहेत ना?"

बाबा बरे होते. बाबा मरायचा सराव करत होते. दुपारी जेवण झालं की हे मरायचे. मुखवटा न घालता माजघरात नाचायचे, डगमगायचे, मग गुडघ्यावर येऊन धाडकन आडवे व्हायचे. आणि पडल्या पडल्या मला नियम सांगायचे: "पडल्यावर हलायचं नाही, आशा. हेमंतशेठ येऊन गुलाल लावतात, देवीची आरती होते, मग सोंग पुरं झालं. त्याच्या आधी बोट जरी हललं तरी मोडलं. आणि देवीचा मुखवटा चढला की आत अनंता नाही, ती देवी. तिला नावानं हाक मारायची नाही, तिच्याशी वाद घालायचा नाही. रिंगणात एक जरी राक्षस उभा असला तरी तिचं नाचणं थांबत नाही." सज्जन यांच्या छातीवर बसून हे सगळं ऐकायचा. मी कपडे घडी करत असायचे. मला वाटायचं, देवा, एवढं एक यांना नीट पार पाडू दे.

युद्धाचा दिवस उजाडला. देवळासमोरची जागा झाडून पाणी शिंपडलेलं, सगळं गाव आणि आसपासच्या पाड्यांवरची माणसं गोल धरून उभी. देवीपुढं म्हणून सगळ्यांनी पायताणं एका कडेला काढून ठेवलेली. मी आमच्या ओट्यापुढं सज्जनाची दोरी हाताला गुंडाळून उभी होते. सूप आत खुंटीवर ठेवलं होतं, म्हटलं आता ते कशाला लागतंय!

संबळ वाजायला लागला. गणपती आला, सज्जन बसला. मोरावर सरस्वती आली, सज्जनानं पुढचा पाय उचलला. लोकांना वाटलं कुत्रा नमस्कार करतोय. आया पोरांना दाखवायला लागल्या, बघा, बघा, कुत्र्याला कळतं आणि तुम्हाला कळत नाही! हेमंतशेठनीसुद्धा माझ्याकडे बघून मान डोलावली. त्यांना काय माहीत, प्रत्येक देवाकडून तो भाकरीची वाट बघतोय.

मग म्हैसासुर आला. माझे यजमान, ज्यांना चहासाठी दूध आणायला मी पाठवत होते, ते शिंगं उगारून असे नाचले की पुढची रांग मागं सरली. समोरून देवी आली. अनंता ओळखू येत नव्हता. हिरवं लुगडं, लाकडी तलवार, मोठमोठे डोळे. देवीनं फेर धरला, तलवार फिरवली, वार केला. हे डगमगले, गुडघ्यावर आले आणि धाडकन पडले. असं सुरेख मरण मी पाहिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते पुसायला हात उचलला आणि दोरी सुटली.

सज्जन थेट रिंगणात. भाकरी देणारा आडवा पडलेला. त्यानं मुखवटा हुंगला, चाटला. भाकरी येईना. बसून दाखवलं. येईना. मग त्याला वाटलं असणार, आपल्याकडून काहीतरी द्यायचं राहिलंय. तो उठला, कडेच्या पायताणांच्या ढिगाकडे गेला, एक चप्पल उचलली आणि आणून यांच्या छातीवर ठेवली. बसला. भाकरी नाही. गेला, दुसरी आणली. मग एक लहान मुलीचा सँडल. मग हेमंतशेठची कोल्हापुरी.

आधी लोक हसले. मग हसू थांबलं. देवीच्या रिंगणात पायताणं, आणि तीही सोंगाच्या छातीवर! कुणी शुक् शुक् केलं, सज्जनाला तो खेळ वाटला आणि त्यानं यांचा अंगरखा धरून ओढला. हे हलले नाहीत. मुखवटा चाटला, तरी हलले नाहीत. छातीवर चपलांची रास चढत होती आणि बिचारे मेल्यासारखे पडून होते. पलीकडून हेमंतशेठ गुलालाचं ताट घेऊन निघाले होते, आणि त्यांचा चेहरा काही गुलाल लावायला येणाऱ्याचा नव्हता.

मी हाक मारली, "सज्जना, इकडे ये!" त्यानं माझ्याकडे बघितलं. बाई, तुम्ही कोण?

मग मी फार विचार केला नाही. घरात पळाले, खुंटीवरचं सूप तोंडाला बांधलं आणि तशीच रिंगणात घुसले. वांग्यांची शिंगं, काजळीचं तोंड आणि खाली माझं ठेवणीतलं नारायणपेठी लुगडं.

"सज्जना! बस!"

बसला.

"ठेव ती चप्पल! मागं हो!"

चप्पल ठेवली, मागं मागं सरकत रिंगणाच्या कडेला गेला आणि दोन्ही पाय जुळवून बसला. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि आजूबाजूला बघितलं. सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. धोंडीबाईंनी तोंडाला पदर लावला होता. तेव्हा मला आठवलं की आमच्याकडे बाईमाणूस सोंग घेत नाही. कुणाच्या आजीनंसुद्धा कधी पाहिलेलं नाही. कुत्रा आडवा आला तो आलाच, वर मीही आले. यांचा मान मीच घालवला असं वाटून मला रडू कोसळलं, सुपाच्या आत.

संबळवाल्याला काय करावं सुचेना, म्हणून तो वाजवतच राहिला. आणि त्या तालावर देवी वळली. रिंगणात एक राक्षस अजून उभा होता.

ते मोठाले डोळे माझ्याकडे आले. देवीनं फेर धरला, तलवार उंच केली. मला कळलं, आता मरावं लागणार. रोज दुपारी बघितलेलं सगळं आठवलं. मी डगमगले, तलवार सुपावर टेकली, गुडघ्यावर आले आणि यांच्याशेजारी आडवी झाले. एक वांगं तुटून गडगडत गेलं. सज्जनाला "ऊठ" कुणी म्हटलं नव्हतं, तो बसून राहिला.

हेमंतशेठ डोक्याशी येऊन उभे राहिले. सुपाच्या भोकांतून मला त्यांच्या अनवाणी पायांची बोटं दिसत होती.

"हे काय चाललंय?" ते कडाडले. "सोंगाच्या छातीवर चपला! बाईमाणूस रिंगणात! मी आधीच बोललो होतो, म्हैसासुर आता..."

देवीनं तलवार जमिनीवर आपटली. संबळ थांबला.

"मी मारला," देवी म्हणाली. आवाज घोगरा, मुखवट्यातून येणारा. "यो मारला, तो पन मारला. दोनी माझं. गुलाल लाव."

"अरे अनं..." हेमंतशेठच्या तोंडून निघालं आणि त्यांनी जीभ चावली. मागून कुणीतरी म्हातारं म्हणालं, देवी बोलते आहे, शेठ. हेमंतशेठनी देवीकडे एकदा बघितलं. मग वाकले. यांच्या छातीवरच्या चपला स्वतःच्या हातानं बाजूला केल्या, मुखवट्याला गुलाल लावला. पुन्हा वाकले आणि माझ्या सुपाला लावला. भोकांतून थोडा माझ्या डोळ्यांत गेला.

"मान या घरचाच राहिला," ते म्हणाले, आणि आपली कोल्हापुरी उचलून घेतली.

मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना, आणि हलायची तर सोय नव्हती. देवीची आरती व्हायची होती. लोक जवळ येऊन आम्हा दोघांना हात जोडत होते. धुळीत पडल्या पडल्या मुखवट्यातून यांचा आवाज आला, अगदी हळू.

"आशा, तू का आलीस?"

"नाही तर काय तुम्हाला एकट्याला पडू देऊ?" मी म्हटलं.

मग अख्ख्या मोखाड्यादेखत, हेमंतशेठदेखत, यांनी धुळीतून हात सरकवला आणि माझा हात धरला. लग्न झाल्यापासून चारचौघांत कधी धरला नव्हता. मेलेल्यानं हलायचं नसतं, पण मी काही बोलले नाही. मीही मेलेलीच होते.